मोहाच्या फुलांचा सोडा

नवापूरच्या एसटी स्टँडवर नाशिकची गाडी लागली तेव्हा आईने माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "भूक लागली तर खा, नाही लागली तरी खा." पिशवीत तांदळाच्या भाकरी होत्या, सुक्या मासळीची चटणी होती आणि कागदाच्या पुडीत मूठभर काळे मनुके होते. भाकरी नेहमीच्याच. मनुके बघून मात्र मी आईकडे पाहिलं, कारण मनुके आमच्या घरात खायची वस्तू नव्हती. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे होते. प्रभुभोजनाच्या विधीत सगळे एकेक घोट घेतात तो द्राक्षरस आमची आई करायची. आदल्या दिवशी मनुके भिजत घालायचे, सकाळी कुस्करून उकळायचे, पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळायचे आणि किटली घेऊन देवळात जायचं. आम्ही पोरांनी त्या मनुक्यांना हात लावला तर मार खायचो. "देवाच्या वाट्यातले आहेत," आई त्या दिवशी स्टँडवर म्हणाली, "पण तू परक्या गावाला चाललीस. तो समजून घेईल."

गाडी हलली. आई हात हलवत नव्हती, नुसती उभी होती. मी नर्सिंगच्या नोकरीला चालले होते आणि मनातून खूश होते, हे आधीच सांगून टाकते. गाव सुटताना रडू आलं वगैरे लिहायला बरं वाटतं, पण मला नव्हतं आलं. मी खिडकीशी बसून देवाच्या वाट्यातले मनुके एकेक करून खाल्ले आणि पिंपळनेर यायच्या आत संपवले.

हे वाचणाऱ्यांपैकी जे आमच्या डोंगरातच राहिले त्यांना माझी आई ठाऊक आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या घरी मावची बोलतात. ती इथे लिहिली तर बऱ्याच जणांना समजायची नाही, म्हणून आईचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. आईला मराठीही येतं, पण ते बायबल वाचून आलेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा दिलीप पहिल्यांदा घरी आला, तर आई त्याला म्हणाली, "प्रवासात तुजवर काही संकट तर नाही ना आलं?" बिचारा नाशिकच्या सिडकोत वाढलेला, दचकून उभाच राहिला. अजून आईचा फोन आला की तो म्हणतो, "घे, तुजकरिता आहे."

आणि आमच्या शेताच्या बांधावरचं मोहाचं झाड सांगायला हवं. डोंगरातल्या घराला मोहाचं झाड असणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. जमीन कोणाचीही असो, झाड कोणाचं हे सगळ्या गावाला पाठ असतं. आमचं झाड चांगलं फुलणारं होतं. पण त्याच फुलांची दारू गाळतात, आणि माझा बाप ती पीत असे. न प्यालेल्या दिवशी त्याच्यासारखा माणूस नाही, आमच्यासाठी तो बांबूच्या शिट्ट्या करायचा, आईला पाणी आणून द्यायचा. प्यालेल्या दिवसांचं लिहीत नाही. आई दारातच त्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि त्यावरून ठरवायची, आज ताट वाढायचं की आम्हाला उचलून शेजारी न्यायचं. मी शाळेत असतानाच तो गेला. मग आईने मंडळीपुढे उभं राहून सांगितलं की या घरात मोहाचं फूल यापुढे येणार नाही. झाड तिने तोडलं नाही. "झाडाने काय केलंय?" म्हणाली. पण फुलं वेचायला शेजारच्या बायकांना सांगितलं. पहाटे आमच्या झाडाखाली दुसऱ्यांच्या टोपल्या भरायच्या आणि आई तिकडे पाठ करून शेण काढत असायची.

आता गंमत अशी, गंमत कसली, की मला मोहाची चव फार आवडायची. शेजारी भाजलेली फुलं खायला मिळायची, गरम, चिकट, गुळासारखी आणि वर थोडा धुराचा वास. तोंड धुऊन घरी यायचं, म्हणजे आईला कळू नये. आईला कळत असणार. ती काही बोलली नाही कधी.

नाशिकला आले, नोकरीवर रुजू झाले, दिलीपशी लग्न झालं, अनु झाली. फ्लॅट झाला, फ्रिज झाला, आणि परवा परवा म्हणजे अनु शाळेत जायला लागल्यावर दिलीपने सोडा करायचं मशीन आणलं. गॅसची छोटी नळकांडी असते, गार पाण्याची बाटली लावायची, बटण दाबायचं, फुस्स झालं की सोडा तयार. पहिल्याच दिवशी मी अक्कल चालवली आणि पाण्यात सिरप आधी घालून बटण दाबलं. सगळं पंख्यापर्यंत उडालं. सोडा आधी, सिरप मागाहून आणि तेही काठाकाठाने, हे त्या दिवशी शिकले. अनु हसून हसून जमिनीवर लोळली.

मग मला सिरपांचं वेड लागलं. मॉलमधून निळ्या, हिरव्या, लाल बाटल्या आणल्या. लाल वाली तर थेट आमच्या वॉर्डातल्या खोकल्याच्या औषधासारखी. कोकम आणलं ते खारट निघालं. आलं-लिंबू बरं झालं, पण ते सगळेच करतात. मेन रोडवरच्या मसाल्याच्या दुकानात जाऊन बडीशेप, खस, जिरं, चिंच, काय काय उकळून पाहिलं. ड्यूटीवरून आले की दिलीप विचारायचा, "आज कोणता काढा?" नाशिकला आहोत म्हणून काळ्या द्राक्षांचंही करून पाहिलं, आईच्याच पद्धतीने, फडक्यातून दोनदा गाळून. चव फार छान आली. पण ग्लासात बुडबुडे यायला लागले आणि मला कसंसंच झालं, प्रभुभोजनाचा पेला फसफसल्यासारखं. तो मी सिंकमध्ये ओतला. ओतताना वास आला मनुक्यांचा, आणि मनुक्यांच्या मागोमाग दुसराच वास आठवला. गुळाचा, धुराचा.

आईला फोन केला. मोहाचा मोसम नुकताच सुरू झाला होता. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं, कारण पुढे ते मला बराच काळ चावत राहिले. म्हणाले, "आई, मला मोहाची फुलं पाहिजेत. वाळवलेली. आपल्या झाडाची. कशाला ते विचारू नको आणि कोणाला सांगू नको."

असं का म्हणाले? सरबतासाठी म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, सरबताला लिंबं संपली काय नाशिकची. आणि तिची शपथ मला ठाऊक होती, त्यामुळे तो विषयच काढायला नको होता. म्हणजे बघा, शपथ मोडायला सांगायची होती, पण त्यावर बोलायचं नव्हतं. आई फोनवर एवढंच म्हणाली, "किती?"

पिशवीभर फुलं आली, गावच्या एका माणसाबरोबर, फडक्यात गुंडाळलेली, वर कांदे घातलेले. एकेक फूल निवडलेलं होतं, आतले केसर काढलेले, खडा नाही की काडी नाही. मी भिजवली, उकळली, गाळली, थोडा गूळ, थोडं लिंबू. दाट तपकिरी सिरप झालं. सोड्यात घातलं आणि पहिल्या घोटाला मी आमच्या स्वयंपाकघरात एकटीच हसले.

आमच्या मजल्यावर मीनाताई राहतात, मूळच्या आमच्याच बाजूच्या कोरीट गावच्या, अजून अहिराणीतच बोलणाऱ्या. बत्तीस पदार्थ करणारी बाई, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्यांना ग्लास दिला. एक घोट घेतला, दुसरा घेतला, म्हणाल्या, "एस्तेर, हाई काय शे वं? मले गावनी याद ई गयी." मी म्हणाले, जंगलातली फुलं आहेत. "कोनता फुलं?" म्हणाल्या. मी म्हणाले, ते गुपित आहे. सोसायटीच्या आनंदमेळ्यात मी स्टॉल लावला आणि पाटीवर लिहिलं, 'रानफुलांचा सोडा'. लोकांनी मागून मागून घेतला. मोह हा शब्द मी पाटीवर लिहिला नाही. ज्या शहराबाहेर द्राक्षांची दारू मोठ्या डौलात विकतात, पाहुण्यांना गाड्या करून दाखवायला नेतात, तिथे मला मोहाच्या सरबताची लाज वाटली. आदिवासी बाई मोह विकते म्हटल्यावर लोक काय समजतील, हे माझ्या डोक्यात होतं. ती लाज झाकायला मी शब्द लपवला, आणि झाकण मात्र आईच्या हातात दिलं. हे तेव्हा कळलं नव्हतं.

त्या नाताळाला गावी गेलो. अंगणात शिरले तशी आई पुढे आली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि इतकं जवळ घेतलं की नाकाला नाक लागलं. किती वेळ सोडेना. आमच्याकडे असे लाड करायची रीत नाही, आई तर मुळीच करणारी नाही. माझे डोळे भरून आले. रात्री दिलीपला म्हणाले, आई म्हातारी झाली रे, माया उतू जायला लागली तिची. दिलीपच्याही ती इतक्या जवळ गेली होती का, ते मी पाहिलं नाही.

पुढच्या मोसमात मी दुप्पट फुलं मागितली. सोसायटीतून ऑर्डरी यायला लागल्या होत्या. पुन्हा तेच, विचारू नको, सांगू नको. आई "बरं" म्हणाली.

आणि मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला असताना वहिनीचा फोन आला. ती आईच्या घराशेजारीच राहते, भाऊ बहुतेक वर्षभर सुरतेकडे कामाला असतो. वहिनी म्हणाली, "ताई, मंडळीत आईंचं काय झालं ते तुम्हाला त्यांनी सांगितलंच नसेल. द्राक्षरसाचं काम काढून घेतलं त्यांच्याकडून."

झालं असं होतं. पहिल्या वर्षी थोडी फुलं होती, ती आईने घरामागे खाटेवर फडकं टाकून वाळवली. या वर्षी दुप्पट, मग ती अंगणात आली. मोहाचा वास लपत नाही, आणि ज्या बाईने इतकी वर्षं त्या झाडाखाली पाऊल टाकलं नाही ती पहाटे वाकून फुलं वेचताना सगळ्यांना दिसली. बायका कुजबुजल्या. मंडळीचा पाळक चांगला माणूस आहे, तो एकटाच घरी आला, खाटेवर बसला, सरळ विचारलं, "आई, हे कशाला?" आई म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही." त्याने परत विचारलं. आई परत तेच म्हणाली. मंडळीचे पंच बसले. पेल्यातला रस करणाऱ्या घरात मोह वाळतोय आणि कारण सांगत नाहीत, तर काय करायचं? कोणीही हेच केलं असतं. फडकं आणि किटली दुसऱ्या बाईकडे गेली. आईने प्रभुभोजनही घेतलं नाही, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ती स्वतःच मागच्या चटईवर जाऊन बसली.

मी फोन ठेवला. माझ्या ओट्यावर सिरपच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, मीनाताईंच्या मुलीने सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिलेल्या. मला त्या बघवेनात. मी रजा टाकली. मीनाताईंकडे किल्ली द्यायला गेले तर माझा चेहरा बघून त्यांनी बसवलं, आणि मी सगळं सांगितलं. मोहाचं नाव घेताना माझी जीभ अडखळली, तर मीनाताई म्हणाल्या, "मोहना वास मन्हा नाकले कयत नही का? मी कोरीटनी शे, पुण्यानी नही. पह्यला घोटमाच वळखी लिधं व्हतं." मग एवढे दिवस बोलल्या का नाहीत? "तू लपाडी ऱ्हायनी व्हती, मी काबर बोलू?" म्हणजे जिच्यापासून लपवलं तिला ठाऊक होतं, आणि जिला लपवायला लावलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

सोड्याचं मशीन आणि सिरपची एक बाटली टॉवेलात गुंडाळून मी गाडीत मांडीवर घेऊन बसले. का घेतलं ते मलाही नीट माहीत नव्हतं. पुरावा म्हणून असेल.

ईस्टरच्या आदल्या दिवशी घरी पोचले तर आईने पुन्हा तसंच तोंड धरलं आणि जवळ घेतलं. या वेळी मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे मिटलेले नव्हते. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, जसं आम्ही वॉर्डात पेशंटच्या बघतो, आणि हळू श्वास आत ओढत होती. वास घेत होती. बापाचा घ्यायची तसा.

मी तिथेच पायरीवर बसले. "आई, तुला वाटलं मी पिते?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू, नाहीतर जावई," म्हणाली. "विचारू नको, कोणाला सांगू नको. तुझा बाप पण हेच म्हणायचा. हेच दोन शब्द, याच क्रमाने."

"मग पाठवलीस कशाला?"

"शहरात काय मिळतं ते ऐकते मी. कशात काय घालतात. पिणारच असशील तर फूल तरी स्वच्छ असावं." मग म्हणाली, "केसर काढले होते मी सगळे. केसराने डोकं दुखतं."

म्हणजे दोन मोसम ही बाई, जिने मोहाच्या वासावर अर्धं आयुष्य काढलं, पहाटे उठून त्याच झाडाखाली वाकत होती, आपली मुलगी बापाच्या वाटेने गेली असं समजून. माझं नाव कोणाच्या तोंडी येऊ नये म्हणून पाळकापुढे गप्प बसली. देवाचा पेला हातातून गेला तो जाऊ दिला. आणि मी नाशिकला बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. आई, मला माफ कर, एवढंही मला धड म्हणता आलं नाही. मी रडले. आई म्हणाली, "आधी पाणी पी."

वहिनीच्या फ्रिजमधून गार पाणी आणलं. ओसरीवर मशीन मांडलं. पाळकाला बोलावलं, तो आला, दोन पंच आले, फडकं ज्या बाईकडे गेलं होतं तीही आली. मी काय केलं, कशासाठी केलं आणि आईला का गप्प बसवलं ते सगळं सांगितलं. मग बटण दाबलं, सिरप काठाने सोडलं, ग्लास दिले. पाळकाने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "आई, तुम्ही एक शब्द सांगायचा होता." आई म्हणाली, "माझा नव्हता तो शब्द." त्याने किटली त्याच दिवशी परत द्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "उद्याच्या पुनरुत्थानाचे मनुके या बाईने भिजवले असतील. भिजवलेले तिचे. मी पुढच्या महिन्यापासून." ती बाई पदराने डोळे पुसत बसली.

सगळे गेल्यावर आईने आपला ग्लास उचलला. तोवर तो भरलेलाच होता. नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला. एक घोट घेतला आणि भिंतीला टेकून बसली, वाट बघितल्यासारखी.

"चढत नाही," थोड्या वेळाने म्हणाली.

"नाही आई. त्यात काही नाहीच. नुसती हवा असते."

"नुसत्या हवेसाठी," आई म्हणाली, आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. रागावली नव्हती. पण तिने तो पुरा प्याला नाही, आणि अजूनही पीत नाही. माझ्यासाठी ती चव शेजारच्या घरची, चोरून खाल्लेली. तिच्यासाठी ती दारात उभी राहिलेली संध्याकाळ आहे. झाड एकच असलं तरी आम्हा दोघींची फुलं एक नव्हती, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

निघताना म्हणाले, आता मी फुलं मागणार नाही. तर आई म्हणाली, "झाड तुझंच आहे. पाहिजेत तर ये आणि वेच. माझ्या हाताने नाही." तेव्हापासून मोसमात रजा काढून मी गावी जाते, शेजारच्या बायकांबरोबर पहाटे झाडाखाली वाकते. आई तिकडे पाठ करून शेण काढत असते, पण चहा आणून देते. पाटीवर आता 'मोहाचा सोडा' लिहिते. काही जण नाक मुरडून पुढे जातात. जाऊ देत.

घर म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर पूर्वी मी चवीचं काहीतरी सांगितलं असतं. आता सांगत नाही. गावी पोचते, दार लोटते, आई पुढे येते. द्राक्षरस पुन्हा तिच्याकडे आहे, मंडळीत ती पुढच्या चटईवर बसते, माझ्यावर तिचा विश्वास आहे असंही म्हणते. पण एकदा शिरलेली शंका हातांतून जात नाही. तिचे हात आपोआप उठतात आणि मध्येच थांबतात, माझा अपमान नको म्हणून. ते थांबलेले हात मला बघवत नाहीत. म्हणून मीच पुढे होते, तिचे हात घेऊन माझ्या गालांवर ठेवते आणि तोंडाने मोठा श्वास सोडते. ती वास घेते. मग म्हणते, "ये आत."